बंदी घातलेले कीटकनाशक आणि एचएस कोड : २९३२, ३८०८.५९ की ३८०८.९१?

सहाआकडी (धागाकर्ता)

एचएस कोड म्हणजे सीमाशुल्कासाठी जगभर वापरला जाणारा मालाचा वर्गीकरण क्रमांक. एकाच इन्व्हॉइसवर अशा तीन ओळी आहेत असे समजा.

१) कार्बोफ्युरान टेक्निकल ९८ टक्के, २५ किलोचे फायबर ड्रम. लावलेला कोड २९३२.९९.
२) कार्बोफ्युरान ३ टक्के दाणेदार, २५ किलोची पोती. कोड ३८०८.९१.
३) कार्बोसल्फान २५ ईसी (पाण्यात मिसळून फवारायचा द्रव), २०० लिटरचे ड्रम. कोड ३८०८.९१. सोबतच्या विश्लेषण प्रमाणपत्रात शेवटून दुसरी ओळ अशी : कार्बोफ्युरान ०.४ टक्के.

तिन्ही कोड बरोबर आहेत का? नसतील तर चूक नेमकी कुठे झाली? आणि रॉटरडॅम करार (धोकादायक रसायनांच्या आयातीआधी संमती घेण्याचा) यातल्या कशाकशाला लागतो? कोडचे पहिले दोन आकडे म्हणजे प्रकरण, चार म्हणजे शीर्ष, सहा म्हणजे उपशीर्ष. सातव्या आकड्यापासून प्रत्येक देशाचे वेगळे असते, त्यामुळे चर्चा पहिल्या सहा आकड्यांपुरतीच ठेवूया.

वाटसरू

बंदीच्या यादीतला माल म्हटला की ३८०८.५९. तिन्ही ओळी तिथेच जातील. त्यात विचार करण्यासारखे काय आहे?

तळटीप

वाटसरू, नेमकी हीच गल्लत सगळीकडे होते. मालावर बंदी आहे की नाही हे कोड ठरवताना बघायचेच नसते. तीनच गोष्टी बघायच्या : पदार्थ कोणता, कोणत्या रूपात आला, कोणत्या पॅकिंगमध्ये आला. बंदी हा वेगळा कायदा आहे, तो कोड ठरल्यावर लावायचा. उलटा प्रवास केला की पहिल्या ओळीतच पाय घसरतो.

पहिली ओळ. ९८ टक्क्यांचे टेक्निकल म्हणजे एक ठरावीक रासायनिक संयुग आणि तयार होताना राहिलेली अशुद्धी. प्रकरण २९ ची टीप १(अ) अशा अशुद्धीला चालवून घेते. प्रकरण ३८ ची टीप १ तर स्पष्टच सांगते की सुटी, रासायनिकदृष्ट्या निश्चित संयुगे या प्रकरणात येत नाहीत. अपवाद आहे, पण तो ३८०८ मध्ये वर्णन केलेल्या रूपात किंवा पॅकिंगमध्ये आलेल्या मालापुरता. २५ किलोचा फायबर ड्रम हे काही किरकोळ विक्रीचे पॅकिंग नव्हे. म्हणजे माल प्रकरण २९ मध्येच राहिला.

आता प्रकरण २९ मध्ये कुठे? कार्बोफ्युरान कार्बामेट आहे म्हणून कुणी २९२४ म्हणेल. पण त्याच्या रेणूत बेंझोफ्युरानचे कडे आहे, कड्यात फक्त ऑक्सिजन, म्हणून २९३२ ही लागते. दोन शीर्षे लागत असतील तर प्रकरण २९ ची टीप ३ शेवटचा क्रमांक घ्यायला सांगते. म्हणून २९३२.

आणि शेवटचे दोन आकडे ९९ नाहीत, ९६ आहेत. एचएसच्या २०२२ च्या आवृत्तीत कार्बोफ्युरानला स्वतःचे उपशीर्ष मिळाले, २९३२.९६. त्याआधी ते 'इतर'मध्ये, म्हणजे २९३२.९९ मध्येच होते. इन्व्हॉइसवरचा कोड २०१७ च्या आवृत्तीतला आहे. जुन्या इन्व्हॉइसची फाईल उघडायची, तारीख बदलायची, छापायची. कारण बहुतेक वेळा एवढेच असते.

दुसऱ्या ओळीतही तेच झाले आहे. ३ टक्के दाणेदार हे उघडच तयार फॉर्म्युलेशन, शीर्ष ३८०८. त्यातले ३८०८.५२ आणि ३८०८.५९ कुणासाठी हे प्रकरण ३८ च्या उपशीर्ष टीप १ मध्ये नावानिशी दिले आहे : अल्ड्रिन, कॅप्टाफॉल, क्लोर्डेन, डीडीटी, एन्डोसल्फान, मेथामिडोफॉस, मोनोक्रोटोफॉस आणि बरीच इतर. २०२२ मध्ये या यादीत कार्बोफ्युरान आणि ट्रायक्लोरफॉन आले. त्यामुळे २०१७ च्या आवृत्तीत ३८०८.९१ मध्ये, साध्या कीटकनाशकांत बसणारी हीच पोती २०२२ पासून ३८०८.५९ मध्ये गेली. माल तोच, पोती तीच, कोड बदलला.

तिसरी ओळ खरी डोकेदुखी. त्यावर वेगळे लिहितो.

वाटसरू

पटले. पण मग ३८०८.५२ कशाला आहे?

तळटीप

फक्त डीडीटीसाठी, आणि तेही निव्वळ वजन ३०० ग्रॅमपर्यंतच्या पॅकिंगमध्ये असेल तरच. डीडीटीचे मोठे पॅकिंग आणि यादीतले बाकी सगळे ३८०८.५९. पुढची ३८०८.६१ ते ३८०८.६९ ही उपशीर्षे मलेरियाच्या डासांवर वापरल्या जाणाऱ्या बारा द्रव्यांसाठी आहेत : डेल्टामेथ्रिन, बेन्डिओकार्ब, मॅलेथिऑन, प्रोपॉक्सर वगैरे. तिथेही ३०० ग्रॅम आणि साडेसात किलो या वजनांवर फाटे फुटतात. ती यादी उपशीर्ष टीप २ मधली, हिच्याशी तिचा संबंध नाही. दोन्ही टिपा एकाखाली एक छापलेल्या असतात आणि घाईत नजर घसरते.

रसायनी

टेक्निकल आणि फॉर्म्युलेशन यांची सीमा कागदावर दिसते तेवढी सरळ नसते. तीन जागा सांगतो जिथे माल दिसतो एक आणि निघतो दुसराच.

पहिली, कार्बोफ्युरान ७५ डीबी. हा पुढच्या मिसळणीसाठीचा 'बेस'. दाणेदार माल बनवणारे हेच विकत घेतात. ड्रमवर ७५ टक्के लिहिलेले, वापरणारा कारखाना, शेतकऱ्याशी थेट संबंध नाही, म्हणून ते टेक्निकल समजून २९३२ मध्ये टाकले जाते. पण उरलेले २५ टक्के ही अशुद्धी नाही, मुद्दाम घातलेले भरण आहे. शीर्ष ३८०८ च्या स्पष्टीकरण टिपांनुसार, पुढे आणखी मिसळणी करायची असलेले अर्धे तयार मिश्रणही ३८०८ मध्येच येते, फक्त त्यात कीटकनाशक गुण आधीच आलेला हवा. म्हणून ३८०८.५९. ओळखायचे कसे? विश्लेषण प्रमाणपत्रातली बेरीज करा. अशुद्धी एकेक करून दिलेल्या असतील आणि १०० टक्क्यांचा हिशेब लागत असेल तर टेक्निकल. 'इनर्ट, पुरेसे' अशी एक ओळ असेल तर फॉर्म्युलेशन.

दुसरी, 'जलीय द्रावण'. टीप १(ड) नुसार पाण्यात विरघळवलेले संयुग प्रकरण २९ मध्येच राहते. याचा आधार घेऊन ३५ टक्के कार्बोफ्युरानचा द्रव माल 'जलीय द्रावण' म्हणून २९३२.९६ मध्ये दाखवला तर? कार्बोफ्युरान पाण्यात विरघळते लिटरला ०.३ ग्रॅमच्या आसपास. ३५० ग्रॅम विरघळणार कुठून? ते द्रावण नाही, तरंगत ठेवलेली बारीक पूड आहे. तिला तरंगत ठेवायला विखुरणारे द्रव्य, दाटपणा आणणारे द्रव्य, बहुधा गोठणरोधकही असणारच. बाटली चार दिवस उभी ठेवली की वर पाणी सुटते, ती पाण्याची पट्टी दिसली की वाद संपला. ३८०८.५९. विद्राव्यतेचा आकडा सुरक्षा पत्रकाच्या नवव्या विभागात असतो आणि तो कुणीच वाचत नाही.

तिसरी, पाण्याखेरीज इतर द्रावकातले द्रावण. टीप १(इ) इथे सवलत देते, पण फार अरुंद : द्रावक फक्त सुरक्षिततेसाठी किंवा वाहतुकीसाठी असला पाहिजे, तशी भरण्याची पद्धत नेहमीची आणि आवश्यक असली पाहिजे, आणि द्रावकामुळे माल एखाद्या खास वापराला जास्त योग्य होता कामा नये. इमल्सीफायर आला की हे दार बंदच.

भर घातली की लगेच प्रकरण ३८ असेही नाही हं. टिकाऊपणासाठी स्थिरीकारक, धूळ उडू नये म्हणून घातलेले द्रव्य, ओळखीसाठी रंग किंवा वास, चुकून गिळल्यास उलटी व्हावी म्हणून घातलेले द्रव्य, हे सगळे प्रकरण २९ चालवून घेते. मात्र त्यामुळे माल खास वापराचा होता कामा नये. पॅराक्वाटच्या बाबतीत हा मुद्दा नेहमी निघतो.

चिकित्सक

रसायनी, एक भर. समघटकांचे (अणू तेच, मांडणी वेगळी) मिश्रण दिसले की 'मिश्रण आहे, म्हणजे ३८' असे म्हणणारेही आहेत. एन्डोसल्फान टेक्निकल हे मुळातच अल्फा आणि बीटा यांचे मिश्रण. एकाच संयुगाचे समघटक असतील तर टीप १(ब) त्यांना प्रकरण २९ मध्येच ठेवते. म्हणून ड्रममधले टेक्निकल २९२०.३०, आणि ३५ ईसी ३८०८.५९.

याच्या उलट कॅम्फेक्लोर, म्हणजे टॉक्साफीन. त्यात शेकडो वेगवेगळी क्लोरीनयुक्त संयुगे, ठरावीक असे एक सूत्रच नाही. म्हणून त्याला प्रकरण २९ मध्ये घर नाही. त्याचे नाव सापडते ते उपशीर्ष टीप १ मध्ये आणि ३८२४.८४ मध्ये.

सहाआकडी

३८२४.८४ चे काय प्रकरण आहे? डीडीटी, एन्डोसल्फान, अल्ड्रिन ही नावे तिथेही दिसली आणि गोंधळलो.

तळटीप

३८२४ हे 'इतरत्र कुठे न येणाऱ्या' रासायनिक मिश्रणांचे शीर्ष. ज्या मिश्रणात हे पदार्थ आहेत पण जे कीटकनाशक म्हणून तयार केलेले नाही, त्यासाठी २०१७ मध्ये ३८२४.८४ आणि पुढची काही उपशीर्षे उघडली. एचसीएच आणि लिंडेनसाठी ३८२४.८५, हेक्झाक्लोरोबेंझीन आणि पेंटाक्लोरोबेंझीनसाठी ३८२४.८६. माल कीटकनाशक फॉर्म्युलेशन असेल तर ३८०८ आधी येते, ३८२४ पर्यंत जायचेच नाही. इन्व्हॉइसवर कुणी कीटकनाशकाला ३८२४ लावले असेल तर मी तरी आधी लेबल मागवेन.

लंगर

कागदपत्रांच्या बाजूने लिहितो. एचएस कोड ताडून बघायला सगळ्यात प्रामाणिक कागद म्हणजे धोकादायक मालाचे घोषणापत्र. इन्व्हॉइसवर 'अ‍ॅग्रो केमिकल', 'इंटरमीजिएट', 'पीक संरक्षण द्रव्य' काहीही खपते. पण सागरी धोकादायक मालाच्या नियमांत कीटकनाशकांच्या नोंदींना विशेष तरतूद ६१ लागते. वाहतुकीच्या नावासोबत सक्रिय द्रव्याचे आयएसओ सामान्य नाव किंवा तसेच मान्य नाव लिहावेच लागते. म्हणजे यूएन २७५७ (संयुक्त राष्ट्रांचा धोकादायक मालाचा क्रमांक) च्या पुढे फक्त 'कार्बामेट कीटकनाशक, घन, विषारी' पुरत नाही, 'कार्बोफ्युरान' हा शब्द आलाच पाहिजे.

लक्षात ठेवण्यासारखे क्रमांक थोडेच. कार्बामेट घन विषारी २७५७, द्रव विषारी २९९२. ऑर्गॅनोक्लोरीन घन २७६१, द्रव २९९६. ऑर्गॅनोफॉस्फरस घन २७८३, द्रव ३०१८. इन्व्हॉइस म्हणतो पायरेथ्रॉइड आणि ड्रमवर २७८३, तर पुढे बोलण्याआधी ड्रम बाजूला काढा.

'३ टक्केच आहे, धोकादायक मालात येत नाही, म्हणून घोषणापत्र नाही' असे उत्तर मिळाले तर ढोबळ हिशेब करून बघा. कार्बोफ्युरानची उंदरांवरची तोंडावाटे घातक मात्रा डब्ल्यूएचओच्या वर्गीकरणात किलोला ८ मिलिग्रॅम धरली आहे. ८ ला ०.०३ ने भागले की २६७. तोंडावाटे विषारी पदार्थांच्या वर्ग ६.१ ची शेवटची मर्यादा ३००. म्हणजे ३ टक्क्यांचा मालही हिशेबाने आतच येतो, पॅकिंग गट ३ मध्ये. प्रत्यक्ष चाचणीचा अहवाल असेल तर तो धरावा, पण अहवाल दाखवायची जबाबदारी पाठवणाऱ्याची.

रसायनी

कॅस क्रमांकाबद्दल, म्हणजे प्रत्येक रसायनाला दिलेल्या स्वतंत्र ओळख क्रमांकाबद्दल. नावापेक्षा तोच पकडायचा, पण तो टंकताना आकडे इकडचे तिकडे होतात. शेवटचा आकडा तपासणीचा असतो, दोन मिनिटांत पडताळता येतो. कार्बोफ्युरान १५६३-६६-२. शेवटचा २ बाजूला ठेवा. उरलेले उजवीकडून डावीकडे १, २, ३ अशा क्रमाने गुणा : ६×१, ६×२, ३×३, ६×४, ५×५, १×६. बेरीज ६+१२+९+२४+२५+६ = ८२. एककस्थानी २, जुळले. हाच क्रमांक १५३६-६६-२ असा टंकला गेला तर बेरीज ७९, एककस्थानी ९, म्हणजे कुठेतरी चूक.

नावांत सगळ्यात वाईट जोडी बीएचसी आणि एचसीबी. बीएचसी, म्हणजे जुन्या भाषेत बेंझीन हेक्झाक्लोराइड, हे प्रत्यक्षात हेक्झाक्लोरोसायक्लोहेक्झेन, २९०३.८१. एचसीबी म्हणजे हेक्झाक्लोरोबेंझीन, ते २९०३.९२. एचसीबीत बेंझीनचे कडे शिल्लक आहे, बीएचसीत नाही. लिंडेन ५८-८९-९, हेक्झाक्लोरोबेंझीन ११८-७४-१. अशा वेळी नाव वाचूच नका, क्रमांक बघा.

वाटसरू

मग आता मूळ प्रश्न. २९३२.९६ किंवा ३८०८.५९ आला म्हणजे माल अडवायचा ना?

लंगर

नाही. ३८०८.५९ हा बंदीचा शिक्का नाही, 'इथे थांबा आणि कागद बघा' अशी पाटी आहे.

रॉटरडॅम करार १९९८ चा, लागू झाला २४ फेब्रुवारी २००४ ला. तो सरसकट बंदी घालतच नाही. परिशिष्ट ३ मधल्या रसायनांबद्दल प्रत्येक सदस्य देश आयातीचा निर्णय कळवतो : मान्य, अमान्य, किंवा अटींवर मान्य. हे निर्णय सचिवालयाच्या पीआयसी (पूर्वसूचित संमती) परिपत्रकात दर सहा महिन्यांनी छापले जातात. निर्यात करणाऱ्या देशाने ते पाळायचे. म्हणजे ओळ १ आणि २ साठी आयात करणाऱ्या देशाचा कार्बोफ्युरानवरचा ताजा निर्णय बघायचा, मागच्या वर्षीचा छापलेला कागद नव्हे.

स्टॉकहोम करार वेगळा, टिकून राहणाऱ्या सेंद्रिय प्रदूषकांचा. तिथल्या परिशिष्ट अ मधल्या पदार्थांची आयात-निर्यात सूट असेल तेवढ्यापुरती, नाहीतर पर्यावरणाला धोका न होईल अशा विल्हेवाटीसाठी. लिंडेन २००९ मध्ये तिथे गेले, एन्डोसल्फान २०११ मध्ये, डायकोफॉल २०१९ मध्ये, क्लोरपायरीफॉस २०२५ मध्ये. यातले डायकोफॉल आणि क्लोरपायरीफॉस २०२२ च्या उपशीर्ष टीप १ मध्ये नाहीत. क्लोरपायरीफॉसचे फॉर्म्युलेशन ३८०८.९१ मध्ये, इतर शेकडो साध्या कीटकनाशकांच्या रांगेत उभे असते. फक्त ३८०८.५९ वर सापळा लावून बसलात तर ते समोरून निघून जाईल.

तळटीप

लंगर यांचा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. करारांच्या बैठका दोन वर्षांनी, एचएसची आवृत्ती साधारण पाच वर्षांनी. मध्ये नेहमीच पोकळी राहते. फोरेट रॉटरडॅमच्या परिशिष्ट ३ मध्ये २०१९ ला गेले, टर्बुफॉस २०२३ ला, कार्बोसल्फान २०२५ ला, म्हणजे करार तिसऱ्या ओळीलाही लागतो. २०२२ ची आवृत्ती यातल्या कुणालाही स्वतःचे घर देत नाही. फोरेट टेक्निकल २९३०.९० मध्ये, दाणेदार फोरेट ३८०८.९१ मध्ये. पुढची आवृत्ती १ जानेवारी २०२८ पासून. तोवर कोडवरून चाळणी लावून भागणार नाही, कॅस क्रमांकांची स्वतंत्र यादी ठेवावीच लागते.

उलटही होते. कोड सापडतो पण करार लागत नाही. दोन उदाहरणे.

इथिलीन डायक्लोराइड, २९०३.१५. परिशिष्ट ३ मध्ये ते 'कीटकनाशक' या गटात आहे. पण जगभर फिरणारा त्याचा बहुतेक माल पीव्हीसीच्या कारखान्यांसाठी असतो. कोड एकच, रेणू एकच, करार लागायचा की नाही ते वापरावर. टँकरभर माल अडवून पीआयसीची संमती मागण्यात अर्थ नाही, वापराचे घोषणापत्र मागण्यात आहे.

दुसरे, पॅराथिऑन-मिथाइल. परिशिष्ट ३ मध्ये ईसी १९.५ टक्के आणि त्यावर, भुकटी १.५ टक्के आणि त्यावर, अशी मर्यादा आहे. एचएसच्या टिपेत टक्केवारीच नाही. म्हणून १ टक्क्याची भुकटी ३८०८.५९ मध्ये जाते, पण परिशिष्ट ३ च्या त्या नोंदीत बसत नाही. फॉस्फामिडॉनचेही तसेच : करारात लिटरला १००० ग्रॅमच्या वरचे विद्राव्य द्रव, एचएसमध्ये कितीही.

चिकित्सक

टक्केवारी नाही म्हणता, मग तिसऱ्या ओळीचे काय? उपशीर्ष टीप १ चे शब्द आहेत 'पुढीलपैकी एक किंवा अधिक पदार्थ असलेला माल'. कार्बोसल्फानमध्ये कार्बोफ्युरान ०.४ टक्के 'आहे'. शब्दशः वाचले तर ३८०८.५९.

तळटीप

हाच मुद्दा मी मागे ठेवला होता. दोन्ही बाजू मांडतो.

शब्दशः बाजू : टिपेत किमान प्रमाण दिलेले नाही, हेतूही विचारलेला नाही. आहे म्हणजे आहे.

दुसरी बाजू : शीर्ष ३८०८ मध्ये मालाची ओळख सक्रिय द्रव्यावरून होते. ०.४ टक्के कार्बोफ्युरान कुणी घातलेले नाही, ते कार्बोसल्फान बनवताना उरलेले किंवा नंतर फुटून तयार झालेले. उपशीर्षाचा उद्देश करारातल्या द्रव्यांच्या व्यापारावर नजर ठेवणे हा आहे. नकळत राहिलेला अंश मोजत बसलो तर आकडेवारीच निरुपयोगी होईल. स्टॉकहोम करारात अशा नकळत राहिलेल्या अंशांना वगळणारे वाक्य परिशिष्टातच आहे. एचएसमध्ये तसे वाक्य नाही, आणि वादाचे मूळ तेच.

माझा कल दुसऱ्या बाजूला, म्हणजे ३८०८.९१. पण निर्यातदाराने या कलावर माल जहाजावर चढवू नये. आगाऊ निर्णय घ्यावा. डब्ल्यूटीओच्या व्यापार सुलभीकरण कराराने, २२ फेब्रुवारी २०१७ पासून, वर्गीकरणाचा आगाऊ निर्णय देण्याची सोय ठेवणे सदस्य देशांना बंधनकारक आहे. अर्जात १०० टक्के घटक, प्रत्येकाचे काम, कॅस क्रमांक, पॅकिंग, आणि या प्रकरणात कार्बोफ्युरानची कमाल मर्यादा लिहा. '०.४ टक्के' असे एका खेपेचे मोजमाप लिहू नका.

रसायनी

कमाल मर्यादेचा आग्रह का, ते सांगतो. कार्बोसल्फान आम्लात आणि ओलाव्यात फुटते आणि त्यातून कार्बोफ्युरानच निघते. कारखान्यातून निघताना ०.४ असलेला ड्रम उन्हात आठवडे राहिला की उतरवताना जास्तच भरणार. तेव्हा प्रमाणपत्र खोटे नव्हते आणि बंदरावरचा अहवालही खोटा नव्हता, मधला काळ कुणी धरलाच नव्हता. अर्जात साठवणीनंतरची मर्यादा लिहिली तर ही मारामारी होत नाही.

प्रयोगशाळेच्या दोन नेहमीच्या चुका. पहिली, कार्बोफ्युरान गॅस क्रोमॅटोग्राफीवर लावणे. अशी मिथाइल कार्बामेट द्रव्ये तापलेल्या इंजेक्शन तोंडातच फुटतात. अहवालात कार्बोफ्युरान कमी आणि कार्बोफ्युरान फिनॉल दिसते, आणि आयातदार म्हणतो, 'बघा, आमच्या मालात कार्बोफ्युरान नाहीच.' द्रव क्रोमॅटोग्राफीच मागा.

दुसरी, दाणेदार मालाचा नमुना पोत्याच्या तोंडातून मुठीने काढणे. दाण्यावरचा थर वाहतुकीत घासला जातो आणि ती बारीक पूड खाली बसते. वरून घेतलेला नमुना कमी दाखवतो, तळातला जास्त. पोते आडवे करून लांब नळीने पूर्ण उंचीचा नमुना घ्या, मग विभाजकातून कमी करा. पूड श्वासात जाता कामा नये : नायट्राइलचे हातमोजे आणि कणरोधक मास्क. कार्बोफ्युरान डब्ल्यूएचओच्या १ब वर्गात आहे, वास घेऊन ओळखायचा हा माल नव्हे.

सहाआकडी

खूपच स्पष्ट झाले. एक शेवटचे. निर्यात करणाऱ्या देशाने अजून २०१७ चीच आवृत्ती लावलेली असेल तर कागदावर कोणता कोड यायला हवा? रॉटरडॅमच्या कलम १३ मध्ये कोड वाहतुकीच्या कागदावर हवा असे आहे ना?

लंगर

आहे. परिशिष्ट ३ मधल्या रसायनाला कोड दिला गेला असेल तर निर्यातीच्या वाहतूक कागदावर तो असलाच पाहिजे. आवृत्त्या वेगळ्या असतील तर मालाच्या वर्णनात कॅस क्रमांक आणि आयएसओ नाव लिहा, कोडच्या शेजारी आवृत्तीचे वर्ष लिहा. आयात नोंदीत मात्र आयात करणाऱ्या देशात चालू असलेलीच आवृत्ती. दोन कागदांवर दोन कोड दिसणे हा गुन्हा नाही, जुन्या-नव्या आवृत्तीच्या जुळणी तक्त्यात ते एकमेकांशी लागले म्हणजे झाले. २९३२.९९ ते २९३२.९६ लागते. ३८०८.९१ ते ३८०८.५९ लागते. २९३२.९९ ते ३८०८.५९ असे दिसले तर आवृत्तीचा प्रश्न नाही, कुणीतरी माल टेक्निकल की फॉर्म्युलेशन यातच चुकले आहे.

चिकित्सक

थोडे अवांतर, पण याच धाग्यात असू दे. प्रयोगशाळेची संदर्भ प्रमाणके. प्रमाणपत्रासह आलेले १०० मिलिग्रॅम शुद्ध कार्बोफ्युरान आणि एक मिलिलिटरच्या कुपीत अ‍ॅसिटोनायट्राइलमधले प्रमाणित द्रावण, दोन्ही ३८२२ मध्ये?

तळटीप

नाही. प्रकरण ३८ ची टीप २ प्रमाणित संदर्भ साहित्यासाठी ३८२२ ला सगळ्यांवर अग्रक्रम देते, पण प्रकरण २८ आणि २९ चा माल वगळून. म्हणून शुद्ध पूड २९३२.९६. कुपीतले द्रावण टीप १(इ) मध्ये बसत नसेल तर ३८२२.९०. आणि रॉटरडॅम म्हणाल तर संशोधन किंवा विश्लेषणासाठी, आरोग्याला आणि पर्यावरणाला बाधा होणार नाही इतक्या कमी प्रमाणात आलेली रसायने कराराच्या कक्षेबाहेरच आहेत. सोबत वापराचे पत्र जोडा, नाहीतर २९३२.९६ दिसताच कुणीतरी संमतीपत्र मागेल.

वाटसरू

आणि मुदत संपलेला साठा नष्ट करायला परत पाठवायचा असेल तर?

लंगर

तिथे बाझल करार (घातक कचऱ्याच्या देशांतर वाहतुकीचा) येतो. परिशिष्ट १ मधला वाय४, परिशिष्ट ८ मधला ए४०३०. त्यात मुदतबाह्य, दर्जाबाहेरची आणि मूळ वापराला अयोग्य झालेली कीटकनाशके स्पष्ट लिहिलेली आहेत. बाझलने 'कचरा' म्हटले म्हणून एचएसही आपोआप ३८२५ होत नाही. बंद, लेबल शाबूत असलेल्या पोत्यांत मुदत संपलेले दाणे असतील तर ते अजून ओळखता येणारे ३८०८ च आहे. फुटलेली पोती, सांडलेले दाणे, माती, झाडून गोळा केलेले सगळे एका ड्रममध्ये भरले असेल तर ३८२५ चा विचार सुरू होतो. हे दोन ढीग वेगळे ठेवा आणि वेगळ्या ओळींत लिहा. एका ओळीत कोंबले की पूर्वसंमतीचा कागद एकाशी जुळतो, दुसऱ्याशी जुळत नाही, आणि सगळा कंटेनर धक्क्यावर बसून राहतो.